सहा कुरव आणि तीन शिंपले

ग्रेट ब्रिंग्टनच्या चर्चमध्ये देखरेखीला बसलेल्या बाईंनी आम्हाला अगदी सहज विचारलं, "आणि तुमचं घराणं किती मागे जातं?" प्रश्नात खोच काही नव्हती. समोर लोखंडी गजांच्या पलीकडे स्पेन्सर घराण्याच्या पाचशे वर्षांच्या समाध्या एकमेकींना खेटून होत्या, तेव्हा आल्यागेल्याशी बोलायला त्यांना हाच विषय सुचत असणार. माझी मावसबहीण नॉर्दॅम्प्टनला असते, तिनेच मला तिथे नेलं होतं. ताईने लगेच सासरचा कुलवृत्तांत सुरू केला. मूळपुरुष कोण, घाट चढून वर आलेली शाखा कुठली, कितव्या पिढीत कोणाला कुठलं वतन मिळालं, सगळं तोंडपाठ. बाईंनी माना डोलावत ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे तुमचंही तेच. बहिणी ना तुम्ही?" तसं नाही, आमच्या आया बहिणी, असं ताईने सांगितलं. "मग त्या बाजूचं?" त्या बाजूने आम्ही आजीपर्यंत गेलो आणि अडलो. आजीच्या आईला सगळे जिजी म्हणायचे. जिजीचं खरं नाव काय, माहेर कुठलं, हे ना ताईला सांगता येईना ना मला.

बाईंनी विषय बदलला. समंजस होत्या.

चर्च जुनं आहे, बाहेरून ढेपेच्या गुळासारख्या रंगाच्या दगडाचं. आत उन्हाळ्यातही टिकून असलेला गारठा आणि बाकांच्या पॉलिशचा मेणकट वास. स्पेन्सरांचा भाग गजांनी वेगळा केलेला आहे, त्यामुळे बघायचं ते गजांत नाक खुपसूनच. नवरे-बायका शेजारी शेजारी उताण्या निजलेल्या, हात जोडलेले, गळ्याभोवती चुण्याचुण्यांच्या ताठ कॉलरी, बायकांच्या डोक्यांवर दगडातच कोरलेल्या भल्यामोठ्या ओढण्या. एक महाशय तर कयामतीच्या दिवसाची वाट न बघता कलशातून कमरेपर्यंत वर आलेले आहेत. सगळीकडे ढालीच ढाली, आणि ढालींवर चिन्हं. याच घराण्यातली प्रिन्सेस डायाना मात्र इथे नाही. ती दीडेक मैलावरच्या ऑल्थॉर्पच्या, म्हणजे स्पेन्सरांच्या वाड्याच्या, बागेत, तळ्यातल्या बेटावर आहे, आणि गावात येणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिच्यासाठीच येतात. चर्चच्या फरशीत आणखी एक दगड आहे. १६१६ साली वारलेल्या लॉरेन्स वॉशिंग्टन नावाच्या गृहस्थाचा. त्याच्या ढालीवर चांदण्या आहेत आणि पट्टे आहेत. जॉर्ज वॉशिंग्टनचा हा पूर्वज. अमेरिकन मंडळी त्या दगडाशी गुडघे टेकून फोटो काढतात. प्रत्येकाला आपापला मूळपुरुष लागतो, त्याला काय करणार.

स्पेन्सरांचा मूळपुरुष मेंढ्यांच्या धंद्यातला होता. जॉन स्पेन्सर, वॉरिकशायर-नॉर्दॅम्प्टनशायरच्या सीमेवरचा. काळ असा की धान्यापेक्षा लोकरीला भाव जास्त, म्हणून जमीनदार मंडळी नांगराखालची शेतं कुंपणात घेऊन तिथे मेंढ्या सोडत होती आणि कुळांना बाहेर काढत होती. वर्मलेटनचं जुनं गाव असंच उठलं होतं. ते काम आधीच्या मालकाचं, स्पेन्सरने १५०६ मध्ये नुसतं तयार कुरण विकत घेतलं. १५०८ मध्ये ऑल्थॉर्प घेतलं. पैसा आला, पुढे आठव्या हेन्रीने 'सर' केलं, आणि १५२२ मध्ये तो त्या गजांपलीकडे जाऊन निजला. वर्मलेटनमधून उठलेल्या माणसांची वंशावळ कुणी लिहिली नाही, हे सांगायला नकोच.

आता गंमत त्या चिन्हांची. १५०४ साली जॉन स्पेन्सरला रीतसर मानचिन्ह मिळालं होतं. निळ्या ढालीवर मधे पांढरा पट्टा आणि त्याच्या वरखाली मिळून सहा कुरवांची डोकी. कुरव म्हणजे समुद्रपक्षी, आणि नॉर्दॅम्प्टनशायर म्हणजे इंग्लंडचा ऐन मध्य, जिथून समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही. पण चिन्ह नवं होतं, स्वतःचं होतं, स्वतःच्या पैशाने घेतलेलं होतं. अडचण एवढीच की नवं होतं. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत इंग्लंडमध्ये अशा नव्या श्रीमंतांची रेलचेल झाली. कुणी लोकरीवर वर आलेला, कुणी मठांच्या जप्त जमिनी स्वस्तात घेऊन, कुणी वकिली करून. या सगळ्यांना आपण कालचे नाही हे सिद्ध करायचं होतं. राजाच्या पदरी अधिकृत भाट होतेच. त्यांची संस्था, कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासूनची आहे आणि आजही लंडनमध्ये चालू आहे. हे भाट परगण्या-परगण्यातून फिरत, घराघरांतली कागदपत्रं बघत, वंशावळी नोंदवून घेत आणि फी आकारत. खोटं चिन्ह मिरवणाऱ्याला जाहीर चाप लावायचा अधिकारही त्यांच्याकडेच. म्हणजे ज्याने चोर पकडायचा, त्यालाच किल्ल्या करून द्यायचा धंदा.

१५९५ च्या सुमारास रिचर्ड ली हा क्लॅरेन्सू किंग ऑफ आर्म्स, म्हणजे दक्षिण इंग्लंडचा मुख्य भाट, स्पेन्सरांच्या कागदांना बसला. उठला तेव्हा स्पेन्सर हे डिस्पेन्सर झाले होते. डिस्पेन्सर म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातलं बडं प्रस्थ. नावातलं साम्य हाताशी होतंच. मधल्या काळातल्या, निरनिराळ्या गावच्या, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या माणसांना बाप-लेक करून त्याने पूल बांधला. निळी ढाल आणि कुरव मागे पडले, डिस्पेन्सरांची लाल-पांढरी, तिरप्या काळ्या पट्ट्याची ढाल आली, आणि आपण धाकट्या पातीचे हे दाखवायला त्या पट्ट्यावर तीन पांढरे शिंपले. एवढे तीन शिंपलेच काय ते स्पेन्सरांचे स्वतःचे, बाकी ढाल दुसऱ्याची. पुढे तीनशे वर्षं हे असंच छापलं जात राहिलं. १९०१ मध्ये जे. होरेस राउंड नावाच्या इतिहासकाराने एकेक सांधा उसवून दाखवला. राउंड हा मोठा भांडखोर माणूस, असल्या बनावट वंशावळी फाडण्यात त्याचं आयुष्य गेलं. खोटी वंशावळ त्याला वैयक्तिक अपमानासारखी लागत असावी.

मला तेवढा राग येत नाही. लोकरीच्या पैशाला मुलायम पांघरूण घालावंसं वाटणं मी समजू शकते. आश्चर्य वाटतं ते निवडीचं. उसना पूर्वज घ्यायचा तर जरा बरा तरी घ्यावा. दुसऱ्या एडवर्डच्या मर्जीतले डिस्पेन्सर बाप-लेक, दोघांचं नाव ह्यू, १३२६ मध्ये राजद्रोही म्हणून फासावर गेले. बाप ब्रिस्टलला, मुलगा हिअरफर्डला, आणि मुलाचे तर भयंकर हाल करून. पण त्या बाजारात बहुधा फाशीनेही भाव कमी होत नव्हता. फाशी जुनी असली की झालं.

या फाशीमुळेच पुढची हकीकत मला फार आवडते. १६२१ साल, हाउस ऑफ लॉर्ड्स. रॉबर्ट स्पेन्सर तोवर बॅरन झालेला, देशातल्या सर्वांत रोकडदार माणसांपैकी एक. तो भाषणात जुन्या लॉर्डांच्या पराक्रमाबद्दल काही बोलू लागला, तेव्हा अरंडेलच्या अर्लने मधेच टोमणा मारला की हे सगळं घडत होतं तेव्हा तुमचे पूर्वज मेंढ्या राखत होते. स्पेन्सर म्हणाला, माझे पूर्वज मेंढ्या राखत होते तेव्हा तुमचे पूर्वज राजद्रोहाचे कट रचत होते. बाण वर्मी बसला. अरंडेलच्या पणजोबाचं आणि आजोबाचं डोकं उडवलेलं होतं, आणि वडील टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत मेले होते. अरंडेलने माफी मागायला नकार दिला आणि त्याची रवानगीही टॉवरमध्येच झाली. ही गोष्ट सांगणारे सगळे स्पेन्सरच्या हजरजबाबीपणापाशी थांबतात. मला दुसरंच दिसतं. घरी लीने करून दिलेली वंशावळ होती. तीवर विश्वास असता तर तो म्हणाला असता, कसल्या मेंढ्या, माझे पूर्वज राजाच्या उजव्या हाताला बसत होते. अर्थात तसं म्हटलं असतं तर राजद्रोहाचं पुढचं वाक्य त्याच्यावरच उलटलं असतं. ते काही असो, भर सभेत डोकं तापल्यावर त्या माणसाच्या तोंडून डिस्पेन्सर आले नाहीत, मेंढ्या आल्या.

विन्स्टन चर्चिल बापाच्या बाजूने स्पेन्सरच होता, हे तिथे जाईपर्यंत माझ्या ध्यानात नव्हतं. पहिल्या ड्यूक ऑफ मार्लबरोला, म्हणजे जॉन चर्चिलला, जगलेला मुलगा नव्हता. लढाया जिंकून दिल्यामुळे पार्लमेंटने १७०६ मध्ये खास कायदा करून ती ड्यूकगिरी मुलींकडून पुढे जाऊ दिली. एक मुलगी स्पेन्सरांकडे दिलेली, तिचा मुलगा ड्यूक झाला, आणि धाकट्या भावाकडे ऑल्थॉर्प आलं. त्या धाकट्याचे वंशज डायानापर्यंतचे. थोरल्या पातीने १८१७ मध्ये राजाची परवानगी घेऊन आडनावाला चर्चिल जोडलं, कारण वॉटर्लूनंतरच्या त्या दिवसांत सेनापतीचं नाव मिरवायला बरं. म्हणजे लेकीकडून वारसा चालतो, नाव चालतं, सगळं चालतं. फक्त त्यासाठी तिच्या बापाने आधी फ्रेंचांना हरवायला हवं.

परत आल्यावर मी आमच्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत कपाटातून काढला. जाड पुठ्ठ्याचा, शिवण सैल झालेला, पानांना डांबरगोळ्यांचा वास. पूर्वी मी त्यात फक्त आमचं पान उघडून स्वतःचं नाव बघत असे. या वेळी बायका शोधल्या. सुनांची नोंद आहे, नाव, माहेर, वडलांचं नाव. लेकींचीही आहे, सासर आणि जावयाचं नाव, आणि तिथे ओळ संपते. जुन्या पिढ्यांत तर 'कन्या दोन' एवढाच आकडा. लेक लग्न होऊन दुसऱ्या पुस्तकात जाते, तिथे ती सून म्हणून उगवते, तीही बहुतेक वेळा वेगळ्याच नावाने. ताम्हनातल्या तांदळात सोन्याच्या अंगठीने नवं नाव लिहितात, सगळे कौतुकाने वाकून बघतात, नवरा मुलगा लाजतो, आणि तेच तांदूळ नंतर हाताने सपाट होतात. माझ्या आईच्या लग्नातला तो फोटो घरी आहे, तिचं नवं नाव तांदळात अर्धं दिसतं. जिजीला शोधायचं तर माहेरच्या पुस्तकात तिचं जे नाव असेल ते कुणाला ठाऊक नाही, आणि सासरच्या पुस्तकाची एक प्रत मिळाली तिथे तिच्या नवऱ्यापुढे 'पत्नी २' आहे. ही पहिली की दुसरी, तेही कळायला मार्ग नाही. आजीने शेवटपर्यंत जिजीच्या हातच्या आंबोळ्यांचं वर्णन केलं, तिच्या नाकातल्या चमकीचं केलं, नाव एकदाही घेतलं नाही. आईला कोण नावाने हाक मारतं?

डायानाच्या बापाच्या बाजूला भाट आहेत, शिंपले आहेत, अलाबास्टरचे सरदार आहेत, अनौरस का होईना पण दुसऱ्या चार्ल्सचे दोन मुलगे आहेत. आईच्या बाजूने सरळ बायकाबायकांनी मागे गेलं की मात्र आपण सुरतेत येतो.

सुरतेत ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत थिओडोर फोर्ब्स नावाचा ॲबरडीनशायरचा तरुण होता. त्याच्या घरात एलायझा केवार्क राहू लागली. नाव आर्मेनियन, सुरतेत आर्मेनियन व्यापाऱ्यांची वस्ती, चर्च, कबरस्तान सगळं होतं. लग्न झालं की नाही यावर वाद आहे, मुलं झाली यावर नाही. थोरली कॅथरिन, घरातली किटी, १८१२ मधली. मग फोर्ब्सला मुंबईत फोर्ब्स कंपनीत भागीदारी मिळाली आणि तो मुंबईला आला. एलायझाला त्याने आणलं नाही. आपल्याला ही मुंबई ओळखीची आहे. एशियाटिकच्या पायऱ्या चढून गेलं की आत त्या कंपनीच्या चार्ल्स फोर्ब्सचा संगमरवरी पुतळा आहे, आणि काळा घोड्याला निळ्या सिनेगॉगवरून जाणारा डॉ. व्ही. बी. गांधी मार्ग पूर्वी फोर्ब्स स्ट्रीट होता. तिथे त्या काळी गोऱ्या बायकांचं आणि साहेबांचं जेवणाखाण्याचं, नाचाचं जग बसू लागलं होतं, त्यात सुरतेची बाई बसणारी नव्हती. एलायझा पत्रं पाठवत राहिली, मुंबईला येऊ द्या म्हणून विनवत राहिली. ती पत्रं फोर्ब्सांच्या कागदांबरोबर स्कॉटलंडला गेली आणि म्हणून राहिली. सहा वर्षांच्या किटीला बोटीत बसवून स्कॉटलंडला पाठवलं. १८२० मध्ये फोर्ब्स स्वतः मायदेशी निघाला आणि वाटेत समुद्रातच वारला. मृत्युपत्रात एलायझाचा उल्लेख आहे तो घर सांभाळणारी बाई म्हणून.

मी या एका शब्दाशी खूप वेळ थांबले. तिला काही रक्कम लावून दिली होती, तेवढा तो माणूस जबाबदार होता. पण वकिलासमोर बसून, आपल्या मुलांच्या आईसाठी काय लिहायचं ते ठरवताना त्याने तो शब्द सांगितला असेल, आणि कारकुनाने न अडखळता उतरवून घेतला असेल. रिचर्ड लीने एका शब्दाची सोय करून मेंढपाळांना सरदार केलं. इथेही तशीच सोय, फक्त उलट दिशेने.

किटीला पुन्हा आई भेटली नाही. ती मोठी झाली, ॲबरडीनशायरच्या लोकरीच्या गिरण्या चालवणाऱ्या क्रॉम्बी घराण्यात तिचं लग्न झालं (पुन्हा लोकर, ही मेंढरं काही पाठ सोडत नाहीत), आणि १८९३ पर्यंत जगली. तिची मुलगी जेन, जेनची रूथ, रूथचीही रूथ. ही दुसरी रूथ पियानो वाजवायची, लेडी फर्मॉय झाली, राणीच्या आईच्या खास गोटातली. तिची मुलगी फ्रान्सिस ऑल्थॉर्पच्या वारसाला दिली. पुढे घटस्फोट झाला, मुलं कुणाकडे राहावीत याची सुनावणी झाली, तेव्हा आईने लेकीच्या विरुद्ध साक्ष दिली. मुलं बापाकडे राहिली. त्यांत आठेक वर्षांची डायाना होती. पाच आया मागे सुरतेत एक मुलगी आईपासून तोडून बोटीत बसवली होती, याची या दालनात कुणाला आठवण असायचं कारण नव्हतं. घराण्याच्या पुस्तकांत एलायझा आर्मेनियन म्हणूनच येत असे. हिंदुस्थानातलं सांगायचंच झालं तर तेवढंच सांगावं.

२०१३ मध्ये या आईकडच्या वेलीवरच्या दोन नातेवाइकांची जनुकीय तपासणी झाली. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून येतो, बापाचा त्यात हात नसतो, त्यामुळे मावसबहिणींच्या मावसबहिणी तपासल्या तरी तोच सापडतो. सापडला तो आर-३०-बी नावाच्या गटातला, फार विरळा, जवळजवळ फक्त भारतीय उपखंडातला. म्हणजे एलायझाचे वडील आर्मेनियन असतील, आई किंवा आईची आई इथलीच. वर्तमानपत्रांनी 'भारतीय राजपुत्र' म्हणून मथळे दिले, आपल्याकडेही दोन दिवस ऊर भरून आला. मला त्यातलं रक्ताचं कौतुक जरा पोकळच वाटलं, सहा पिढ्यांनंतर कसलं रक्त. पण भाटाला, वकिलाला, कुलवृत्तांताच्या संपादकांना चुकवून एखादी गोष्ट आईकडून लेकीकडे गुपचूप सरकत राहते, हे वाचून बरं वाटलं एवढं खरं. ताईला फोन करून सांगितलं, म्हटलं जिजीचं नाव नसलं तरी जिजीचं काहीतरी आपल्या दोघींत तसंच्या तसं आहे. ताई म्हणाली, "गुडघे."

विल्यम आणि हॅरी यांच्यात तो अंश आला आणि तिथेच संपला, कारण मुलगे तो पुढे देत नाहीत. डायानाच्या दोन्ही बहिणींच्या मुलींकडे तो आहे. विल्यमला १८ वर्षांचा झाल्यावर, २००० साली, स्वतःचं मानचिन्ह मिळालं तेव्हा त्याच्या राजढालीवर एक छोटा लाल शिंपला काढला, हॅरीला पुढे तीन मिळाले. आईची आठवण म्हणून. लीने जुळवलेल्या ढालीवरचे शिंपले असे राजघराण्यापर्यंत पोचले. कॉलेज ऑफ आर्म्सला त्यात काही वावगं वाटलं नसणार, आणि मलाही वाटत नाही; चारेकशे वर्षांत खोटीसुद्धा वस्तू घरची होते. सुरतेसाठी मात्र कुठलं चिन्ह सुचणार होतं?

त्याच २०१३ मध्ये इंग्लंडच्या गादीचा कायदा बदलला. थोरल्या मुलीला मागे सारून धाकटा भाऊ पुढे जाणार नाही, म्हणून विल्यमची लेक शार्लट आज धाकट्या भावाच्या, लुईच्या, आधी आहे. उमरावांच्या पदव्यांना हा कायदा लागू नाही. डायानाच्या भावाची, सध्याच्या अर्ल स्पेन्सरची, थोरली लेक १९९० मधली. तिचं नाव किटी. तिच्यामागून दोन जुळ्या बहिणी, आणि मग भाऊ, त्याचंही नाव लुईच. ऑल्थॉर्प, शिंपले आणि पदवी त्याच्याकडे जाईल. किटीला एका मुलाखतीत याबद्दल विचारलं होतं, तर तिला ही परंपरा बरोबर वाटते. ताईच्या सासरच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे, तिचा फॉर्म आला आहे. मुलींच्या मुलांसाठी एक वेगळा रकाना आहे, 'ऐच्छिक' असं लिहून. ताईने तो भरून, जागा पुरेना म्हणून मागे चिकटपट्टीने आणखी एक कागद जोडला आणि त्यावर पहिल्याच ओळीत लिहिलं, जिजी, नाव अज्ञात, आंबोळ्या उत्तम करत.